घरच्या मिलिंग मशीनवर चिवट धातूचे काम : कटरची निवड व वापर



भाताची रोपे २१ ते २५ दिवसांची झाली की लावणी उरकावी, अशी शिफारस आहे. नेमक्या याच दिवसांत मावळ, मुळशीच्या खाचरांत पॉवर टिलर आणि रोटाव्हेटर सर्वांत जास्त राबतात. चावी तुटणे, शाफ्टची खाच फाटणे, पुलीचे भोक घासून मोठे होणे हेही याच दिवसांत घडते. सुटा भाग मिळेपर्यंत आठवडा गेला तर रोप जून होते, फुटवे कमी येतात आणि त्याचा फटका उत्पन्नाला बसतो. रब्बीत पेरणीचा वाफसा निघून गेला तर तोच प्रकार. म्हणून अवजाराची दुरुस्ती वेळेवर होणे हा पीक नियोजनाचाच भाग समजावा.

पवनेकाठच्या पिंपळे सौदागरच्या शिवारात आज इमारती उभ्या आहेत. परंतु या पट्ट्यात कारखाने आल्यावर शेतकऱ्यांच्या अनेक घरांतील मुले भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या कारखान्यांत लागली आणि लेथ, मिलिंगचे काम शिकली. पुढे चाकणलाही तेच झाले. अशा घरांत जुन्या लेथचे भाग, चॅनेल आणि मोटर जोडून तयार केलेले मिलिंग मशीन दिसते. गावाकडच्या भाऊबंदांची अवजारे त्यावर दुरुस्त होतात. साधे लोखंड या यंत्रावर चांगले कापले जाते. शाफ्ट, कमानीचा पाटा किंवा स्टेनलेस स्टील लावले की मात्र कटर ओरडतो, धार जाते, कधी कटर तुटून उडतो. हे कसे टाळावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

यंत्राची ताकद आधी ओळखा

कारखान्यातील मिलिंग मशीन बिडाचे आणि काही टन वजनाचे असते. घरचे यंत्र दोनतीनशे किलोचे. चिवट धातू कापताना कटरवर जो जोर येतो, त्याने हलके यंत्र थोडे वाकते व परत फिरते. यालाच आपण थरथर म्हणतो. थरथरीत प्रत्येक दात धातूवर आपटतो आणि धार झडते. म्हणून कटर निवडताना यंत्राला किती जोर सोसतो हे प्रथम पाहावे.

याची परीक्षा सोपी आहे. टेबलावर डायल बसवून त्याचे टोक कटर धरणाऱ्या कलेटला टेकवावे आणि यंत्र बंद ठेवून स्पिंडल हाताने जोरात ढकलावे. काटा ५ शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त हलला, तर चिवट धातूला हात घालण्यापूर्वी पुढील दुरुस्त्या कराव्यात :

१) स्पिंडलच्या बेअरिंगमधील ढिलाई काढावी.
२) टेबलाच्या गिब पट्ट्या आवळाव्यात. ज्या दिशेने काम नाही त्या दिशेची सरकपट्टी कुलूपबंद करावी.
३) पोकळ खांबात काँक्रीट भरावे. त्याने वजन वाढते व थरथर मरते.
४) कटर कलेटमध्ये शक्य तितका आत धरावा. कटरची बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली तर त्याचे वाकणे आठपट होते.

खांबाच्या ड्रिल मशीनलाच व्हाइस लावून मिलिंग करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती धोक्याची आहे. ड्रिलचा चक केवळ निमुळत्या दांड्यावर दाबून बसवलेला असतो. बाजूने जोर आला की तो फिरता फिरता गळून पडतो. मिलिंगसाठी कलेट हवा आणि तो वरून लांब बोल्टने ओढून धरलेला हवा.

धातू कोणता, ते तपासा

शेती अवजारांत सर्व लोखंड सारखे नसते. काम हाती घेण्यापूर्वी तीन तपासण्या कराव्यात.

कानस : नवी कानस फिरवून पाहावी. चांगली चावली तर धातू कापण्याजोगा आहे. नुसती घसरली तर तो कडक केलेला आहे. त्याला हायस्पीड स्टीलचा कटर लावू नये.

ठिणगी : ग्राइंडरला टेकवावे. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि कमी फुटणाऱ्या असतात. कार्बन जास्त असेल तर ठिणग्यांना दाट फुलोरा येतो. बिडाच्या ठिणग्या आखूड व तांबूस असतात.

चुंबक : ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक जवळपास चिकटत नाही. खडी क्रशरच्या मँगनीज पोलादालाही चिकटत नाही. हे दोन्ही धातू घासले की जागच्या जागी कडक होतात, हे ध्यानात ठेवावे.

साधारणपणे शाफ्ट ईएन ८ जातीचा असतो. त्यात सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो. जास्त भाराचे शाफ्ट व गिअर निकेल, क्रोमियम असलेल्या ईएन २४ चे असतात. कमानीचे पाटे सिलिकॉन, मँगनीजच्या स्प्रिंग पोलादाचे असून ते कडक केलेले असतात. रोटाव्हेटरची पाती बहुधा बोरॉन पोलादाची व तीही कडक केलेली असतात.

कटर कोणता घ्यावा?

कारागीर ज्याला 'विडिया' म्हणतात ते कार्बाइड. हे नाव जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९२० च्या दशकात बाजारात आणलेल्या मालाचे. 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ते बनले. आपल्या पट्ट्यात कार्बाइडची ओळख जुनी आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या सँडविक एशियाचा दापोडीचा कारखाना कार्बाइडच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध आहे. कार्बाइड लाल होईपर्यंत तापले तरी धार धरते, परंतु ते ठिसूळ असते. त्याला जास्त वेग आणि न थरथरणारे यंत्र लागते. घरच्या यंत्रावर त्याचे कोपरे काही मिनिटांत उडतात. मग दोष कटरला दिला जातो.

म्हणून हलक्या यंत्रासाठी पुढीलप्रमाणे निवड करावी :

१) ईएन ८ साठी हायस्पीड स्टीलचा चांगली धार असलेला एंड मिल पुरेसा आहे.

२) ईएन २४, स्टेनलेस व नरम केलेले स्प्रिंग पोलाद यांसाठी कोबाल्टयुक्त हायस्पीड स्टील घ्यावे. त्यात ५ टक्के कोबाल्ट असलेली एम ३५ आणि ८ टक्के असलेली एम ४२ अशा जाती मिळतात. ते उष्णता जास्त सोसते आणि कार्बाइडइतके ठिसूळ नसते.

३) खाच कापण्यासाठी दोन दातांचा कटर घ्यावा. दातांमध्ये जागा जास्त असल्याने कीस अडकत नाही. बाजू साफ करण्यासाठी चार दातांचा चालतो.

४) जास्त धातू काढायचा असेल तर दातांवर लाटांसारख्या खाचा असलेला रफिंग कटर वापरावा. तो कीस तुकड्यांत तोडतो व यंत्रावर जोर कमी येतो.

५) ८ ते १२ मिलिमीटर व्यासाचे कटर घरच्या यंत्राला मानवतात. मोठा कटर मजबूत असला तरी तो फिरवण्याची व धरून ठेवण्याची ताकद यंत्रात नसते.

भंगार बाजारात कटर वजनावर मिळतात. घेताना भिंगातून कोपरे पाहावेत. कोपरा गोल झालेला असेल किंवा धारेवर निळा डाग असेल, तर पुन्हा धार लावण्याचा खर्च धरूनच भाव करावा. बोथट कटर चिवट धातूवर एकदाही चालवू नये.

फेरे आणि फीड

मिनिटाला किती फेरे द्यावेत, याचे सोपे गणित असे : कापण्याच्या वेगाला (मीटर प्रति मिनिट) ३२० ने गुणावे आणि कटरच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागावे. हायस्पीड स्टीलच्या कटरसाठी घरच्या यंत्रावर पुढील वेग धरावेत :

साधे लोखंड – २५ मीटर
ईएन ८ – २० मीटर
बीड – १८ मीटर
स्टेनलेस ३०४ – १२ ते १५ मीटर
ईएन २४ – १२ मीटर

फेरे कमी करावेत, पण फीड मारू नये. चिवट धातू पाहून आपण भीतीने हँडल अगदी हळू फिरवतो. तेव्हा दात कापत नाही, नुसता घासतो. घासल्याने उष्णता वाढते, स्टेनलेसची पृष्ठभागावरची कातडी कडक होते आणि पुढचा दात त्या कडक कातडीवर आपटतो. प्रत्येक दाताने निदान २ ते ३ शतांश मिलिमीटर धातू उचललाच पाहिजे. कट खोल नको वाटत असेल तर खोली कमी करावी, पण हँडल एकसारखे फिरत ठेवावे. मध्येच थांबायचे झाल्यास कटर आधी बाजूला घ्यावा.

घरच्या यंत्राच्या स्क्रूमध्ये ढिलाई असते. त्यामुळे कटर फिरतो त्याच्या विरुद्ध दिशेने जॉब सरकवावा. फिरण्याच्या दिशेने सरकवला तर कटर जॉब आत ओढून घेतो आणि तुटतो.

कीस चांदीसारखा किंवा फिकट पिवळसर निघाला तर वेग योग्य आहे. हायस्पीड स्टीलच्या कटरने निळा कीस निघू लागला की फेरे कमी करावेत. पोलादासाठी एक भाग विरघळणारे तेल व वीस भाग पाणी असे कुलंट सतत सोडावे. बीड मात्र कोरडेच कापावे. बिडाच्या कातडीत वाळूचे कण असतात, म्हणून पहिला कट कातडीच्या खाली जाईल इतका द्यावा.

उदाहरण : ३५ मिलिमीटर शाफ्टवर चावीची खाच

या व्यासाच्या शाफ्टला १० मिलिमीटर रुंद व ८ मिलिमीटर उंच चावी बसते. शाफ्टमधील खाच ५ मिलिमीटर खोल असते. शाफ्ट ईएन ८ चा आहे असे समजू.

१) शाफ्ट व्ही ब्लॉकवर दोन ठिकाणी आवळावा. मध्य डायलने काढावा.
२) रुंदीएवढा १० चा कटर न लावता ८ मिलिमीटरचा दोन दाती कटर लावावा. हलक्या यंत्रावर पूर्ण रुंदीचा कटर बाजूला वाहतो व खाच मोठी होते.
३) फेरे : २० × ३२० ÷ ८ = ८००.
४) फीड : ८०० × २ दात × ०.०३ = मिनिटाला सुमारे ४८ मिलिमीटर. म्हणजे ५० मिलिमीटरची खाच एका मिनिटात एकदा कापावी.
५) प्रत्येक वेळी अर्धा मिलिमीटर खोली द्यावी. दहा वेळांत खोली पूर्ण होते.
६) नंतर दोन्ही बाजूंना थोडे थोडे कापून, प्रत्यक्ष चावी लावून पाहत रुंदी १० करावी. चावी हलक्या ठोक्याने बसली पाहिजे. सैल चावी पुन्हा खाच फाडते.

हाच शाफ्ट ईएन २४ चा असेल तर फेरे ४८० आणि फीड मिनिटाला सुमारे २० मिलिमीटर ठेवावे. वेळ दुपटीहून जास्त लागेल, पण कटर वाचेल.

कमानीचा पाटा व वेल्डिंग केलेले भाग

पाट्यापासून कुळवाची पास किंवा कोळप्याचे पाते करायचे असेल तर तो आधी नरम करावा. पाटा लाल तापवावा. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला त्याला चुंबक चिकटेनासा होतो. त्याहून थोडा अधिक तापवून तो कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरावा आणि रात्रभर थंड होऊ द्यावा. वरची काळी खपली ग्राइंडरने काढल्यावरच कटर लावावा, कारण खपली धार खाते. काम झाल्यावर पाते पुन्हा कडक करून योग्य पाणी द्यावे लागते. भोसरी परिसरात हीट ट्रीटमेंटची कामे होतात. धातूची जात सांगून ते काम तेथे करून घ्यावे.

तुटलेला शाफ्ट वेल्ड करून त्यावर खाच कापताना वेल्डच्या कडेचा भाग काचेसारखा कडक सापडतो. वेल्डिंगपूर्वी शाफ्ट गरम करावा आणि नंतर राखेत सावकाश निववावा. कडक इलेक्ट्रोडचा थर दिलेले फाळ आणि मँगनीज पोलाद यांना कटर न लावता ग्राइंडरच वापरावा.

ही कामे घरी करू नयेत

ट्रॅक्टरच्या पीटीओचा सहा खाचांचा शाफ्ट, स्टिअरिंगचे भाग, ब्रेकचे भाग आणि ट्रॉलीची हुकपिन घरी बनवू नये. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरते. घरी कापलेल्या खाचेच्या कोपऱ्यात तडा गेला तर तुटलेला भाग माणसाचा जीव घेऊ शकतो. असे भाग कंपनीचेच घ्यावेत.

माणसे, जनावरे आणि जमीन यांची काळजी

यंत्रावर काम करताना चष्मा लावावा. हातमोजे, उपरणे, सैल बाह्या नसाव्यात. फिरता कटर त्यांच्यासकट हात ओढून घेतो. कीस हाताने न काढता, यंत्र बंद करून ब्रशने काढावा. मोटरला अर्थिंग असावे व बंद करण्याचे बटण हाताजवळ असावे.

यंत्र गोठ्यापासून व कडब्याच्या गंजीपासून दूर ठेवावे. गाय, म्हैस चारा भरभर गिळते आणि त्यातील लोखंडाचा तुकडा वेगळा काढत नाही. तो पोटाच्या जाळीदार कप्प्यात साठतो, कप्प्याची भिंत टोचून पुढे जातो आणि हृदयाच्या आवरणापर्यंत पोचला तर जनावर दगावते. म्हणून कीस रोज झाडून, चुंबक फिरवून, डब्यात बंद ठेवावा व भंगारात विकावा. वापरलेले कुलंट विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये.

थोडक्यात लक्षात ठेवा

यंत्राची ढिलाई आधी काढा. धातू कानस, ठिणगी आणि चुंबकाने ओळखा. कोबाल्टचा लहान, धारदार कटर आखूड धरा. फेरे कमी, कट उथळ आणि फीड एकसारखे ठेवा. ही कामे उन्हाळ्यातच काढावीत. अवजारांच्या चाव्या, खाचा आणि पुल्या मे महिन्यात तपासून घेतल्या, तर रोपे लावणीला येतील त्या दिवशी टिलर खाचरात उतरलेला असेल.