पाळकाच्या घरातून

शाहूवाडी तालुक्यात पाळकाचं काम म्हणजे रस्त्यावरचं काम. ख्रिस्ती घरं विखुरलेली. काही मलकापुरात, काही बांबवड्याकडे, एखादं आंब्याच्या वाटेवरच्या वाडीत. रविवारी दोन ठिकाणी उपासना, मध्ये कुणी आजारी असेल तर त्याच्या घरी, संध्याकाळी कुठंतरी प्रार्थना. जुलै-ऑगस्टात पाऊस असा कोसळतो की कडवी नदीच्या पाण्याखाली लहान पूल जातात, पण मयत पाऊस ओसरायची वाट बघत नाही. माझे मिस्टर हे काम पुष्कळ वर्षं करत आहेत आणि पाळकीण म्हणून मी त्यांच्यासोबत आहे. मध्यंतरी एक काळ असा आला की या कामानं त्यांना मोडायचंच बाकी ठेवलं होतं. तो मी घरातून पाहिला. दुसऱ्या घरांत तसं होऊ नये म्हणून त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

२०१९च्या ऑगस्टातल्या महापुरात यांनी धान्य, चादरी गोळा करून लोकांपर्यंत पोचवल्या. पुढच्या वर्षी कोरोना आला. मे महिन्यात मुंबईला कामाला असलेली आपली माणसं गावाकडं परतली, शाळांमध्ये विलगीकरणात राहिली. हे फाटकापर्यंत डबे नेऊन द्यायचे. २०२१च्या दुसऱ्या लाटेत कितीतरी अंत्यविधी मोजक्या माणसांत उरकावे लागले. रडणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचीही सोय नव्हती. ते सगळं सरलं तेव्हा लोक म्हणाले, पास्टर किती खंबीर राहिले! खरी पडझड त्यानंतर सुरू झाली.

आधी झोप गेली. मग जेवताना बोलणं थांबलं. फोन वाजला की दचकायचे, उचलला की आवाज मात्र तोच गोड, आणि ठेवला की मुलांवर ओरडायचे. साखरेची गोळी चुकायला लागली. पण मला खरी भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. पहाटेचं बायबल बंद झालं. पूर्वी चहाच्या आधी ते वाचायचे, एखादं वचन मला ऐकवायचे, कधी वाचता वाचता डोळे भरून यायचे. आता बायबल उघडायचं ते शनिवारी रात्री, रविवारच्या संदेशापुरतं. आणि संदेश चांगलेच होत होते! मंडळीत कुणालाही काही कळलं नाही. वर्षांच्या सवयीवर पाळक महिनोन्‌महिने उत्तम बोलू शकतो, आतून कोरडा असतानाही. म्हणून मंडळीच्या वडिलांना माझं सांगणं आहे, पाळकाची तब्येत त्याच्या संदेशावरून जोखू नका. त्याची झोप विचारा. त्याची पहाट कशी जाते ते विचारा.

आणि पाळकांना सांगणं असं की ज्या उताऱ्यावर बोलायचं नाही असा एखादा उतारा रोज वाचत जा. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण यांना परत उभं करण्यात याचा मोठा वाटा होता. सुरुवातीला त्यांना प्रार्थनेला शब्द सापडत नव्हते, तेव्हा मी स्तोत्रं मोठ्यानं वाचायचे आणि ते फक्त ऐकायचे. त्या दिवसांत तेवढीच त्यांची प्रार्थना होती आणि ती पुरेशी होती असं मी मानते.

कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिलेला एलीया पुढच्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला बोल लावत नाही, उपदेशही करत नाही. त्याला झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, आणि तो पुन्हा झोपला तरी उठवून पुन्हा खायला घालतो. देवाचं त्याच्याशी बोलणं नंतर होतं. थकलेल्या सेवकाला आधी विश्वासाची कमतरता सुनावणाऱ्यांनी हा क्रम नीट वाचावा. आम्हालाही अशी माणसं भेटली. कुणी म्हणालं उपास धरा, कुणी म्हणालं काहीतरी पाप लपलं असेल.

आम्ही आधी कोल्हापुरात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी साखर आणि रक्तदाब तपासला, मग झोपेचं विचारलं, मग मनाचं. यांना ते जड गेलं. पास्टरच मनाच्या डॉक्टरकडे जातो म्हटल्यावर लोक काय म्हणतील, हाच घोर. मी म्हटलं, मंडळीतल्या प्रत्येक आजाऱ्याला तुम्हीच सांगता ना, प्रार्थना करू पण गोळी थांबवू नका? मग ते तुम्हाला का लागू नाही? आपल्या भागातल्या मिशनला तर हे नवं नव्हतंच. १८५२ साली मिशनरी वाइल्डर कोल्हापुरात आले आणि मिशनचं काम सुरू झालं. त्याच मिशनच्या डॉक्टर वॉनलेसनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडलं. प्रार्थना आणि औषध आपल्या पूर्वजांनी एकाच छपराखाली ठेवलं होतं.

शरीर सावरल्यावर मुळाकडे वळलो. मूळ कामाच्या ढिगात नव्हतं, एकटेपणात होतं. सगळं यांच्याच हातातून जायचं. चर्चची किल्ली, भांडणाचा निवाडा, वीजबिल, संडे स्कूलची पुस्तकंसुद्धा. मोशेचा सासरा इथ्रो येऊन बघतो तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक मोशेपुढं उभे आहेत. तू थकशील आणि हे लोकही थकतील, असं तो त्याला बजावतो. लोकही थकतील, हे आपण विसरतो. एका माणसावर चालणाऱ्या मंडळीतली बाकीची माणसं नुसती बसून राहतात. आमच्याकडं आता आजाऱ्यांच्या भेटी वडील आणि महिला मंडळ वाटून घेतात. सोमवार पाळकाचा. मयत किंवा दवाखाना सोडला तर सोमवारी फोन वडिलांपैकी एकाला जातो. कुरकुर झाली, पण काही दिवसांत सवय झाली.

पैशाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण इथं चांगल्या माणसाची झोप सर्वांत लवकर उडते. एका बैठकीत कुणीतरी अर्पणाचा हिशेब मागितला. एक पैसाही इकडचा तिकडं झाला नव्हता, पण वहीत नोंद नव्हती, आणि नोंद नसली की संशयाला तोंड फुटतं. तेव्हापासून अर्पण त्याच दिवशी चर्चमध्येच दोघं मोजतात, दोघांच्या सह्या होतात आणि पैसे बँकेत जातात. पाळक मोजणीला हात लावत नाहीत. मोबाइलवरून येणारं दान मंडळीच्या खात्यात, कधीही पाळकाच्या नंबरावर नाही. चेकवर एकट्याची सही नाही. मंडळीचा ट्रस्ट नोंदवलेला असेल तर वर्षाचा हिशेब तपासून घ्या, आणि विश्वस्त बदलले तर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्या. हे व्यवहाराचं काम म्हणून बाजूला सारू नका. हिशेब स्वच्छ असला की पाळक पुलपिटावर ताठ उभा राहतो.

बायका घरचं दुःख सांगायला येतात तेव्हा मी किंवा महिला मंडळातली एखादी ताई तिथंच असते, निदान दार तरी उघडं असतं. यात त्या बाईचीही अब्रू राहते.

घराचंही एक बोलायला हवं. नारायण वामन टिळकांची भक्तिगीतं आपण रविवारी गातो. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार उभा केला. त्या दानशूर, झपाटलेल्या सेवकाच्या घरात काय चालायचं ते मात्र लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं. बहुतेक पाळकिणी लिहीत नाहीत. मुलाची फी थकलेली असताना यांनी खिशातले पैसे कुणाच्या औषधाला दिले, तर मी नाही म्हणत नाही. पण देण्याआधी मला विचारावं, एवढं आम्ही ठरवलं आहे. घराला न विचारता केलेल्या त्यागाचं ओझं घरच वाहतं.

आणि पाळकालाही पाळक हवा. यांनी पन्हाळ्याकडचे दोन पाळक गाठले, दुसऱ्या मंडळ्यांमधले. आपल्या मंडळीतल्या माणसापुढं पाळक मन मोकळं करू शकत नाही. उद्या त्याच माणसाला प्रभुभोजन द्यायचं असतं. हे तिघं महिन्यातून एकदा भेटतात, चहा घेतात, एकमेकांना थेट विचारतात: झोप लागते का? पहाटे वाचतोस का? बायकोशी बोलतोस का? मोठ्या परिषदांनी जे झालं नाही ते या बैठकीनं झालं.

पाळकिणींनो, नवरा जेवताना गप्प बसायला लागला आणि त्याची पहाट सुटली, तर मंडळीची अब्रू जाईल म्हणून झाकून ठेवू नका. ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे अशा एका वडिलांना सांगा, शेजारच्या मंडळीतल्या पाळकाला सांगा, डॉक्टरकडे न्या. रात्री-अपरात्री कुणीच जवळ नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि पलीकडून मराठीत बोलतात.