आधी गाडी तपासा, मग गुण द्या

प्रतिस्पर्ध्याची गाडी आली की टेस्टिंगमधल्या मंडळींना तिची खोट काढायची घाई होते. चाकणला आमच्याकडे एक नवीकोरी आलिशान सेडान आली, तेव्हा हेच झालं. स्पीडब्रेकरवर पुढून धाडकन आवाज, खड्ड्यातला दणका थेट कमरेत. “एवढे पैसे मोजून हे?” म्हणत राइडला दहापैकी पाच गुण पडले. आमची गाडी सरस ठरल्याने सगळे खूश.

त्या किमतीच्या गाडीचं असं वागणं काही पटेना, म्हणून ती लिफ्टवर घेतली. मिस्त्रीने पुढच्या स्प्रिंगवर बॅटरी मारली आणि म्हणाला, “साहेब, ठोकळे काढलेलेच नाहीत!” ट्रेलरवर गाडी हिंदकळू नये म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांत हे ठोकळे बसवतात, गाडी ताब्यात देण्यापूर्वी विक्रेत्याने ते काढायचे असतात. टायरमध्येही वाहतुकीसाठी भरलेली जादा हवा तशीच होती. दोन्ही निस्तरल्यावर तीच गाडी त्याच रस्त्यावर लोण्यासारखी चालली. अहवाल रद्दीत गेला.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना सांगतो. टायर थंड असताना हवा तपासा. योग्य दाबाचा आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाआड असतो. टायर मूळचेच आहेत ना, तेही बघा: बीएमडब्ल्यूसाठी बनवलेल्या टायरच्या बाजूवर तारा असतो, मर्सिडीजच्या टायरवर ‘एमओ’. कम्फर्ट मोडची तुलना कम्फर्टशीच करा. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, तितकीच माणसं घेऊन, पाठोपाठ चालवा; कालच्या आठवणीवर आज गुण देऊ नका.

रस्ताही विचारपूर्वक निवडा. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक भरधाव वेगातलं स्थैर्य दाखवतो, पण गचके कळायला द्रुतगती मार्गावरचे काँक्रीटचे सांधे आणि गावातले स्पीडब्रेकरच हवेत. तेच रस्ते मागच्या सीटवर बसूनही अनुभवा. आपल्याकडे अशा गाडीचा मालक बहुधा मागेच बसतो. मर्सिडीजने २०१७ मध्ये लांब व्हीलबेसची ई-क्लास भारतात आणली, ती हे ओळखूनच.

गुणांचा कागद प्रत्येकाने न बोलता भरावा. साहेब आधी बोलले, की बाकीच्यांचे आकडे त्यांच्याच मागे जातात. आणि निकाल अगदी मनासारखा लागला, तर आधी त्याच्यावरच संशय घ्या. दुसऱ्याच्या गाडीला कमी गुण दिल्याने आपली गाडी सुधारत नाही.