शिकाऊ उमेदवाराची बोली

अभ्यासासाठी वचनभाग: उत्पत्ति, अध्याय 29 ते 31

याकोब घर सोडून हारानला गेला तेव्हा त्याच्या हातात काठीशिवाय काही नव्हते. मामाकडे महिनाभर राहिल्यावर मजुरीची बोली झाली. सात वर्षे राबल्यावर पदरात पडले ते ठरलेले नव्हतेच. पुढे तो स्वतः सांगतो की लाबानाने दहा वेळा मजुरी बदलली आणि श्वापदाने फाडलेल्या जनावराची भरपाईसुद्धा त्याच्याच माथी मारली.

हा भाग आपण बहुधा राहेल व लेआ यांच्या संदर्भात वाचतो. या तिमाहीत मी तो आयटीआय झालेल्या मुलामुलींबरोबर वाचला. अक्कलकुवा, धडगाव भागातून फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होऊन नाशिकला किंवा सुरत-अंकलेश्वरकडे जाणाऱ्या आपल्या मुलांची गत पुष्कळदा याकोबासारखीच असते. नेणारा माणूस ओळखीचा, नात्यातला असतो, म्हणून बोली तोंडीच होते.

मागच्या वर्षी एक वडील मला म्हणाले, "ताई, पोरगा चौदा महिने कारखान्यात होता. अप्रेंटिस म्हणून नेला होता. त्याचा कागद कुठंय?" मी मुलाला विचारले, सही कशावर केली होती? हजेरीच्या वहीवर, एवढेच त्याला आठवत होते. फिटरचे काम त्याला फारसे दिलेच नव्हते. माल चढवणे-उतरवणे, झाडलोट, आणि कोणी गैरहजर असेल तर मशीनवर उभे राहणे. पगार नगावर. कागद नव्हताच, कारण तो शिकाऊ उमेदवार कधी झालाच नव्हता. तो हेल्पर होता. हेल्परच्या कामात कमीपणा नाही, पण मग त्याला हेल्परची मजुरी मिळायला हवी होती.

शिकाऊ उमेदवारांसाठी 1961 चा कायदा आहे. त्यानुसार उमेदवार आणि मालक यांच्यात लेखी करार होतो व तो शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो. मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकाची सही लागते. कारखान्यात पाऊल ठेवण्यापूर्वी विचारायचा प्रश्न एकच आहे: करार नोंदला का, आणि त्याचा नंबर काय? नंबर मिळाला की करारात व्यवसायाचे नाव व मुदत काय लिहिली आहे ते वाचा. फिटरचा दोन वर्षांचा कोर्स केलेल्या मुलाला साधारण एक वर्षाची उमेदवारी असते.

पैशाचेही नीट समजून घ्या. मिळते ते विद्यावेतन, पगार नव्हे. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्यासाठी ते महिन्याला किमान 7000 रुपये ठरले. सरकार हे आकडे बदलत असते, म्हणून करार होईल त्या दिवशी लागू असलेला आकडा विचारा. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मिळायला हवे. नगावर पैसे देण्यास कायद्याची परवानगी नाही, आणि सल्लागार अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून ओव्हरटाइमही लावता येत नाही. त्या मुलाच्या वडिलांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

काही कारखान्यांत विद्यावेतनाचा सरकारी हिस्सा थेट उमेदवाराच्या खात्यात येतो. त्यासाठी खाते आधारशी जोडलेले लागते. आपल्याकडे आधारवर एक नाव, मार्कशीटवर दुसरे, जन्मतारीख तर सरसकट 1 जून. हे दुरुस्त करायचे ते घर सोडण्याआधी. नंतर त्याच कामासाठी नाशिकहून दोन दिवस बुडवून यावे लागते.

इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची आहे, शिकाऊ असला तरी. म्हणून अपघाताची नोंद त्याच दिवशी वहीत करून घ्यावी आणि दवाखान्याचा कागद जपून ठेवावा. वेल्डरच्या मुलांना माझे वेगळे सांगणे आहे: काचेशिवाय ठिणगीकडे पाहायचे नाही, मग वरिष्ठ हसले तरी चालतील.

आता उमेदवाराच्या बाजूचेही बोलले पाहिजे. मन लावून शिकणे, हजर राहणे, रास्त आज्ञा पाळणे ही त्याची कायदेशीर कर्तव्ये आहेत. आपली मुले सुटतात ती बहुधा होळीला. भोंगऱ्या बाजार, काठीची होळी, मग पाहुणे. आठ दिवसांचे वीस होतात आणि परत जायची लाज वाटू लागते. होळी सोडा असे मी कोणालाच सांगणार नाही. रजा कारखान्याच्या नियमाप्रमाणे मिळते, तेव्हा महिनाभर आधी लेखी अर्ज द्या आणि परतीचे तिकीट काढूनच घरी या.

याकोबाने शेवटी केलेली बोली मला फार शहाणपणाची वाटते. ठिपक्यांची व डागांची जनावरे माझी, असे तो म्हणाला. कोणालाही डोळ्यांनी पाहून मोजता येईल अशी खूण त्याने निवडली. आमच्या मुलांची खूण म्हणजे रोजची वही. आज कोणत्या मशीनवर काम केले, काय शिकलो, कोणी शिकवले, हे दोन ओळींत लिहायचे. दोन आठवडे नुसती झाडलोटच लिहिली गेली, तर ती वही घेऊन आधी सुपरवायझरकडे आणि फरक पडला नाही तर शिकाऊ उमेदवारीच्या सल्लागार अधिकाऱ्याकडे जाता येते. त्याचे कार्यालय कुठे आहे ते आपल्या आयटीआयमध्ये सांगतील. भांडून, न सांगता निघून येऊ नये. करार मोडण्याचीही रीत आहे आणि ती त्याच कार्यालयातून जाते.

मुदत संपल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते. ती पास झाल्यावर मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र हाच तो कागद, ज्याबद्दल ते वडील विचारत होते. त्याच कारखान्यात नोकरी मिळेलच असे नाही, मालकावर तशी सक्ती नाही. प्रमाणपत्र मात्र कुठेही दाखवता येते.

मंडळ्यांना एक विनंती. पहिले विद्यावेतन हाती पडेपर्यंत महिना-दीड महिना जातो. खोलीचे डिपॉझिट आणि डबा यांचे पैसे त्याआधीच द्यावे लागतात, आणि बरीच मुले इथेच माघारी फिरतात. आपल्या मंडळीतून कोणी जात असेल तर त्या दीड महिन्याच्या खर्चाचे निघण्यापूर्वीच ठरवा. उसने देणार असाल तर तेही लिहून द्या, किती आणि कधी परत करायचे.