भिंतीवरील चित्रे : चित्रकलेचा एक पाठ

उद्देश : घराची भिंत हेही कलेचे स्थान आहे, याचा विद्यार्थ्यांस प्रत्यय आणून देणे.

विवेचन : मुंबईत वांद्र्याच्या चॅपल रोडवरील भिंतींवर मोठी चित्रे रंगविलेली आहेत, ती पाहावयास लोक मुद्दाम जातात. पेठ तालुक्यातील मुलास मात्र घरची भिंत कलेची वाटत नाही. वारली कुटुंबांत लग्नप्रसंगी सुवासिनी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हाच त्यांचा कुंचला. डहाणूजवळील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणली; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पाठक्रम :
१. घरच्या भिंतीवर काय पाहिले, ते मुलांकडून वदवून घ्यावे.
२. वर्तुळ व त्रिकोण यांतून माणूस, झाड, डोंगर काढून घ्यावेत.
३. गेरूने रंगविलेल्या पुठ्ठ्यावर पिठाच्या पाण्याने शेताचे चित्र रेखाटवावे.

सूचना : देवचौक हा पूजेचा विषय असल्याने तो वर्गात गिरवून घेऊ नये. तो लिहिणाऱ्या एखाद्या वृद्धेस शाळेत सन्मानाने बोलवावे व शिक्षकाने त्या दिवशी मुलांसमवेत बसून ऐकावे. आपल्या आजीस शाळा विचारते, हे पाहिलेले मूल आपल्या घरास कमी लेखणार नाही.