कानाने वाचलेलं पुस्तक



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "मी 'श्यामची आई' संपवलं." शेजारची पटकन बोलली, "तुला कुठं वाचता येतंय?" काकू ओशाळल्या. "नातवाच्या मोबाईलवर ऐकलं गं, भाकऱ्या करताना," एवढंच म्हणून गप्प बसल्या. मला ते घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

ऐकणं म्हणजे हलकं वाचन, असं समजू नका. पोथी एक जण वाचतो आणि सगळी आळी ऐकते, तिथे ऐकणाऱ्याला कुणी अडाणी म्हणत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी ऐकून कागदावर उतरवली, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. आणि 'श्यामची आई' तर सांगितलेलीच गोष्ट आहे! श्याम रात्री आश्रमातल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, अशा ४२ रात्री.

पण कानाची एक खोड आहे. आवाज आपल्यासाठी थांबत नाही. लेकरू रडलं, भाकरी करपली की दोन वाक्यं निसटतात आणि कळतसुद्धा नाही. कागदावरची ओळ मात्र जागेवरच असते.

माझीच चूक सांगते. एका बैठकीत हप्ते मोठ्याने सांगत होते, मी लिहून घेत होते. एका ताईंचे 'पंचेचाळीसशे' मी 'पस्तीसशे' ऐकले आणि तेच लिहिले. शेवटी वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या, त्या ताईंनीसुद्धा. महिन्याने पासबुकात हजार रुपये कमी दिसले. चूक माझी, पण घरी बोलणी त्यांनी खाल्ली.

म्हणून गोष्टी, आठवणी, चरित्रं खुशाल ऐका. कर्जाचा कागद, व्याज, हप्त्याची तारीख, फवारणीचं प्रमाण हे मात्र कुणी वाचून दाखवलं तरी आकड्यावर बोट ठेवून स्वतः बघा. अक्षरं येत नसली तरी आकडे आपल्यातल्या बहुतेकींना येतात, नोटा मोजतोच की.

ज्यांची शाळा चौथी-पाचवीत सुटली, त्यांनी दोन्ही एकत्र करून बघा. शाळेतून पुस्तक आणा, मोबाईलवर तेच लावा आणि ओळीखाली बोट फिरवा. वाचणारा पुढे पळत असेल तर वेग ०.७५ वर आणा. नाहीच जमलं तर नातवाला सांगा, त्याला सगळी बटणं माहीत असतात. काही रेकॉर्डिंग संक्षिप्त असतात, मग ओळी जुळत नाहीत. तेव्हा आपण चुकतोय असं समजू नका, दुसरं रेकॉर्डिंग शोधा.

काकूंनी पुस्तक आणलंय. पहिल्या रात्रीचं अर्धं पान झालंय. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "'आई' लई वेळा येतंय बघ. तेवढं आता लांबूनच ओळखते."