एक कप पोहे म्हणजे किती ग्रॅम?

आधी माझीच एक फजिती सांगतो.

गेल्या वर्षी गणपतीत आमच्याकडे सकाळच्या फराळाला 24 माणसे यायची होती. माझी मुलगी नववीत आहे. यादी करण्याचे काम तिने आपणहून घेतले. इंटरनेटवर पाककृतींची पुष्कळ संकेतस्थळे आहेत. त्यांतल्या एकावरून तिने कांदेपोह्यांची कृती उतरवून घेतली. कृती 4 माणसांची होती आणि तीत जाडे पोहे होते 3 कप. माणसे सहापट, म्हणून पोहेही सहापट, म्हणजे 18 कप. इथवर हिशेब बिनचूक होता. पण वाणी काही कपाने पोहे देत नाही. तिने विचारले, "बाबा, एक कप म्हणजे किती हो?" मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, "पाव किलो धर." यादीत साडेचार किलो पोहे लिहिले गेले.

पोहे भिजवायला तिची आई बसली. तिने नेहमीच्या अंदाजाने दीड किलो घेतले आणि हात थांबवला. तेवढे सगळ्यांना पुरले. तीन किलो डब्यात तसेच राहिले आणि पुढे महिनाभर आम्ही चिवडा खाल्ला. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने घनता विसरावी, आणि तीही आपल्याच स्वयंपाकघरात!

माझे कुठे चुकले ते पाहा. कप हे आकारमानाचे माप आहे आणि किलो हे वस्तुमानाचे. एकातून दुसऱ्यात जायचे तर मध्ये घनता लागतेच. पाण्याची घनता दर मिलिलिटरला 1 ग्रॅम, म्हणून 240 मिलिलिटरच्या कपात पाणी 240 ग्रॅम मावते. माझा 'पाव किलो' आला तो इथून. मी पोह्यांना पाणी समजलो होतो!

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तो कप आणि स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसलो. सपाट भरलेल्या एका कपात साखर भरली 200 ग्रॅम, रवा 170, कणीक 130 आणि जाडे पोहे अवघे 85 ग्रॅम. आता गुणाकार करा. 18 गुणिले 85 म्हणजे 1530 ग्रॅम. आईच्या हाताचा अंदाज आणि काटा यांत फरक पडला तो 30 ग्रॅमचा. तुमच्या घरी हे आकडे थोडे वेगळे येतील, कारण रव्याची जाडी आणि पोह्यांची जात सगळीकडे सारखी नसते. म्हणून माझे आकडे उतरवून घेऊ नका, स्वतः मोजा.

कपातसुद्धा एकवाक्यता नाही. अमेरिकेतला कप सुमारे 237 मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला 250 चा, तर जपानमधला 200 चा. तेव्हा कृती कोणत्या देशातली आहे हे आधी पाहावे. अमेरिकेत सपाट भरलेल्या कपाची पद्धत रुळवण्यात फॅनी फार्मर या बाईंच्या 1896 सालच्या पाकपुस्तकाचा मोठा वाटा आहे. या पद्धतीला हसू नका. आपल्याकडचे चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्याची मापेही आकारमानाचीच होती. घरात काटा नसला तरी भांडे असतेच, ही त्यातली सोय.

पण पोहे इतके हलके का? पोह्यांच्या कपात पोह्यांबरोबर हवाही असते. पाकळ्या आडव्यातिडव्या पडतात आणि त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात. इथे एक गमतीचा प्रश्न विचारतो. एक मोठा डबा गोट्यांनी भरला आणि तसाच दुसरा सायकलच्या छर्ऱ्यांनी, तर जास्त हवा कोणत्या डब्यात? बहुतेक जण गोट्यांच्या म्हणतात, कारण त्यांतल्या फटी मोठ्या दिसतात. प्रत्यक्षात दोन्हींत हवा जवळजवळ सारखीच असते. सारख्या आकाराचे गोल हलवून, ठोकून भरले की ते सुमारे 64 टक्के जागा व्यापतात, मग ते लहान असोत की मोठे. गोट्यांच्या फटी मोठ्या खऱ्या, पण संख्येने कमी. डबा मात्र गोट्यांच्या मानाने बराच मोठा हवा, नाहीतर भिंतीलगतच्या फटी हिशेब बिघडवतात. डब्यात मोजून पाणी ओता, म्हणजे खात्री पटेल. पोह्यांचा कपही ओट्यावर चार-पाच वेळा आपटून पाहा, पोहे किती खाली बसतात ते. कृती लिहिणाऱ्याने कप आपटला होता की नाही, हे कृतीत कधीच लिहिलेले नसते.

तेलाची गंमत आणखी वेगळी. तेल तापले की प्रसरण पावते. 1 लिटर सोयाबीन तेल 21 अंश सेल्सिअसला सुमारे 919 ग्रॅम भरते, तर 60 अंशांना सुमारे 893 ग्रॅम. म्हणजे 60 अंशांना मोजलेल्या लिटरमध्ये 26 ग्रॅम तेल कमी! काही कंपन्या पिशवीवर असे चढे तापमान छापत. म्हणून ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यांना सांगितले, की तापमान न लिहिता लिटरबरोबर ग्रॅमही छापा. दुकानात पिशवी हातात घेतलीत की दोन्ही आकडे वाचा. त्यांचा भागाकार म्हणजेच तेलाची घनता.

संकेतस्थळांवर पुष्कळदा माणसांची संख्या बदलण्याची सोय असते. आकडा वाढवला की सगळे जिन्नस त्या पटीत वाढतात. खरेदीसाठी हे ठीक आहे, पण शिजवताना सावध राहा. उघड्या पातेल्यात भात शिजवताना तांदूळ जे पाणी शोषतात ते तांदळाच्या पटीत वाढते. वाफ होऊन जाणारे पाणी मात्र पातेल्याचे तोंड आणि लागणारा वेळ यांवर ठरते. म्हणून सहापट तांदळाला सहापट पाणी घातले तर भात गिच्च होण्याचा संभव असतो. ढोकळ्याचे पीठ त्याच थाळीत दुप्पट जाड ओतले, तर उष्णता मध्यापर्यंत पोचायला दुप्पट नव्हे, सुमारे चौपट वेळ लागतो. त्यापेक्षा दोन थाळ्या लावाव्यात.

आमच्या फडताळाच्या दाराला आता आतून एक तक्ता चिकटवला आहे. एका बाजूला जिन्नस, दुसऱ्या बाजूला एका कपाचे ग्रॅम. त्यातल्या एका ओळीपुढची जागा मी मुद्दाम कोरी सोडतो. शिऱ्याची एक कृती 4 माणसांची आहे. तिच्यात 1 कप रवा, 1 कप साखर आणि पाऊण कप तूप लागते. 30 माणसांसाठी वाण्याला किती किलो रवा, साखर आणि तूप सांगाल? रव्याचे आणि साखरेचे आकडे वर आलेले आहेत. तुपाचा तुम्ही काढायचा आहे. मोजताना तूप पातळ होते की थिजलेले, तेही वहीत लिहून ठेवा.