काळ्या समुद्रावर नाशिककर

रत्नागिरीत रत्नदुर्गाच्या एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा. नाशिकहून पाहुणे घेऊन चारदा गेलो, त्यातून कळलेलं थोडं.

१. काळी वाळू पाहून पाहुणे आधी नाकच मुरडतात. "इथे गटार सोडलंय का हो?" वाद घालू नये. मूठभर वाळू पाण्यात खळबळून दाखवावी. घाण निघत नाही, कण उलट चमकायला लागतात.

२. खिशात लोहचुंबक असावं, आणि ते कागदात गुंडाळलेलं. मी एक तसंच वाळूत घातलं, ते अजून खरवडतोय. चुंबक फिरवलं की मॅग्नेटाइटचे कण दाढीच्या खुंटांसारखे उभे राहतात. भाचा समुद्र विसरून तासभर तेच करत बसला. इल्मेनाइट मात्र साध्या चुंबकाला फारसं जुमानत नाही. गंमत म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम याच काळ्या खनिजातून काढतात.

३. ही वाळू लाव्हाची म्हटलं की विचारतात, "पण इथे ज्वालामुखी कुठाय?" याचं उत्तर नाशिककराच्या घराजवळच आहे. काळारामाच्या देवळाचा दगड, पांडवलेणी, ब्रह्मगिरी, सगळा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आपल्याकडची त्याची झीज गोदावरी पूर्वेला नेते, सह्याद्रीच्या पलीकडची कोकणातल्या नद्या समुद्रात ओततात. मग लाटा सूप घेऊन बसतात. शिंपल्यांचे, गारेचे हलके कण पाखडले जातात, जड काळे मागे उरतात. टाचेनं वीतभर उकरा, काळा-फिका-काळा असे पट्टे दिसतील.

४. दुपारी अनवाणी नको. तवा बरा.

५. मे महिन्यात तळव्याला काळं चिकटलं तर वाळूवर आळ घेऊ नये. ते समुद्रातून वाहत आलेलं डांबर. साबणानं हलत नाही, खोबरेल चोळावं.

६. जायची वेळ तिथीवरून काढावी. तिथीची पाऊणपट केली की ढोबळमानानं पूर्ण भरतीची वेळ, हे तिथल्याच एका जाळं विणणाऱ्या काकांनी सांगितलं. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराला, नेमकी तव्याच्या वेळी. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी सकाळी नऊला. तेव्हा रुंद किनारा आणि आम्ही चौघंच.

७. वाळू घरी आणू नये. भाच्यानं पुडी आणली, ताईनं ती बारीक राई समजून डब्यात ओतायला घेतली. नशीब, पुडी हाताला फार जड लागली.